तक्रार नसतानाच करायची तपासणी : मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत कसा गाठावा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसानं पन्नाशी गाठली की त्याच्या घरी टपालानं एक छोटं पाकीट येतं. आत एक नळी, एक काडी आणि सूचनांचा कागद. शौचाचा कणभर नमुना नळीत घालायचा आणि पाकीट परत टपालात टाकायचं. दर दोन वर्षांनी, वयाच्या ७४ पर्यंत, हे चालू राहतं. ऑस्ट्रेलियातही अशीच योजना आहे आणि जुलै २०२४ पासून तिथे ४५ वर्षांच्या माणसालाही हे किट मागवता येतं. जपाननं तर १९९२ पासूनच चाळिशीपुढच्या लोकांसाठी शौचाची वार्षिक तपासणी सुरू केली.

त्याच माणसाचे नाशिकला किंवा कोल्हापूरला राहणारे भाऊ-बहीण, आई-वडील यांच्याकडे असं काही येत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर तीन कॅन्सरची तपासणी होते : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. म्हणून आपल्याकडे हे वेळापत्रक ज्याचं त्यानं आखावं लागतं, आणि ते कसं आखायचं यासाठीच हा लेख आहे.

एवढा खटाटोप का करायचा? कारण हा कॅन्सर फार हळू तयार होतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी चामखिळीसारखा एक उंचवटा उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात, पण काही प्रकारचे वाढत जातात आणि साधारण दहा वर्षांत, कधी त्याहून जास्त काळानं, त्यांतल्या एखाद्याचा कॅन्सर होतो. त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. पण दुर्बिणीतून पाहणाऱ्या डॉक्टरला तो पॉलिप दिसतो आणि तिथल्या तिथे काढूनही टाकता येतो. म्हणजे इथे तपासणी कॅन्सर लवकर शोधते, आणि कित्येकदा तो होऊच देत नाही. फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत आपल्याला ही सोय आहे.

याला पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ५० ते ८० वयाच्या ४६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले. दरवर्षी शौचातलं लपलेलं रक्त तपासलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. आणि वेळेचं मोल किती, तेही आकड्यांत दिसतं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर दहापैकी सुमारे नऊ जण हयात असतात. यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर दहापैकी एक-दोन.

पहिली पायरी : तक्रार आहे की नाही, हे आधी ठरवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक वेळा गाळली जाते. स्क्रीनिंग असतं ते ज्याला काहीही त्रास नाही त्याच्यासाठी. ज्याला त्रास आहे त्यानं पॅकेजमधली शौचाची तपासणी करून ‘निगेटिव्ह आली, सुटलो’ असं मानायचं नाही. त्यानं सरळ डॉक्टरकडे जायचं.

त्रास म्हणजे काय? शौचावाटे रक्त पडणं, मग ते लालभडक असो की काळपट. गेल्या काही आठवड्यांत शौचाची सवय बदलणं, म्हणजे रोज नेमानं पोट साफ होणाऱ्याला अचानक बद्धकोष्ठ होणं, वारंवार पातळ होणं किंवा दोन्ही आलटून पालटून होणं. जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटून पुन्हा पुन्हा जावं लागणं. शौचातून शेंबडासारखी आव पडणं. कारण नसताना वजन उतरणं. आणि एक गोष्ट जी आपल्याकडे हमखास दुर्लक्षित राहते : हिमोग्लोबिन कमी होणं. पन्नाशीतल्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त जातंय कुठून, हे शोधावंच लागतं. उजव्या बाजूच्या आतड्यातला कॅन्सर बरेचदा थकव्यातून आणि फिकटपणातूनच पहिल्यांदा कळतो. शौचाला रक्त दिसतच नाही.

आता मूळव्याधीबद्दल. रक्त पडलं की आपल्याकडे घरातल्या घरात निदान होऊन जातं : ‘उष्णता झाली’, ‘मूळव्याध असेल’. मग ताक, इसबगोल, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण, शेवटी रस्त्यावरच्या पाटीवर ‘मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज’ वाचून गाठलेला दवाखाना. यात सहा महिने, वर्ष सहज निघून जातं. मूळव्याध खरोखरच फार जणांना असते, रक्त बहुतेक वेळा तिचंच असतं, हे खरं. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. भारतात गुदाशयाच्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातल्या कॅन्सरचं प्रमाण तुलनेनं जास्त आहे आणि त्यांतले कितीतरी डॉक्टरच्या बोटाला लागतील इतके जवळ असतात. हातमोजा घालून केलेली ही तपासणी मिनिटभराची असते. म्हणून एक आग्रह धरा : बोटानं तपासल्याशिवाय कुणी मूळव्याधीचं औषध दिलं, तर ‘एकदा तपासून घ्या ना’ असं तुम्हीच म्हणा. लाजून गप्प बसू नका. बाईला स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं मोकळेपणानं मागा, ती मागणी पूर्ण रास्त आहे.

वय कमी म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करणं तर आपल्याकडे अजिबात परवडणारं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या नोंदींत या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आतलं आढळलं आहे. पस्तिशीतल्या माणसाचं रक्त तीन-चार आठवडे थांबत नसेल तर ‘या वयात कशाला कॅन्सर होतोय’ हे उत्तर पुरेसं नाही.

आणि पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आतडं ठीक आहे असं समजू नका. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, किडनी यांसाठी उत्तम. आतड्याच्या आतलं अस्तर तिला दिसत नाही, लहान पॉलिप तर नाहीच नाही.

दुसरी पायरी : घरातला इतिहास नीट विचारून घ्या

ज्याला काही त्रास नाही त्यानं पुढचं पाऊल आपल्या नातेवाइकांकडे वळवायचं. आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा मुलं यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कॅन्सर झाला होता का, आणि झाला तेव्हा वय काय होतं, ही दोन उत्तरं तुमचं सगळं वेळापत्रक बदलू शकतात.

मिळणं मात्र सोपं नाही. आपल्या घरांत कॅन्सरचं नाव घेत नाहीत. ‘पोटाचं ऑपरेशन झालं होतं’, ‘आतड्याला गाठ होती’, ‘पोटाला पिशवी लावली होती’ असं मोघम सांगितलं जातं. आतड्याच्या ऑपरेशननंतर शौच गोळा करायला पोटावर अशी पिशवी लावतात, म्हणून पिशवी लावली होती हे ऐकलं तर कान टवकारा आणि पुढे विचारा. आत्या, मोठी मावशी, गावाकडचे काका यांना फोन करा. जुनी फाईल, ऑपरेशनचा कागद, बायॉप्सीचा रिपोर्ट कुठे बांधून ठेवलेला सापडला तर त्याचा फोटो काढून घ्या. घरात कुणाचे पॉलिप काढले होते का, हेही विचारा. आणि बायकांमधल्या गर्भाशयाच्या कॅन्सरबद्दलही विचारा, कारण लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर एकाच घराण्यात दिसतो.

सख्ख्या नात्यातल्या एखाद्याला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, किंवा सख्ख्या नात्यात दोघांना कोणत्याही वयात झाला असेल, तर तपासणी चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी सुरू करायची, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला असेल तर मुलामुलींनी ३६ व्या वर्षी. आणि ती तपासणी शौचाची नव्हे, थेट दुर्बिणीची, सहसा दर पाच वर्षांनी. लिंच सिंड्रोम असलेल्या घरात विशी-पंचविशीतच सुरुवात होते आणि दर एक-दोन वर्षांनी ती करावी लागते. आतड्यात शेकडो पॉलिप होणारा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून होते. अशा घरांनी जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला नक्की भेटावं. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ही सोय असते.

ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी आतड्याची जुनी सूज आहे त्यांचा हिशोब वेगळा. त्रास सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी त्यांची दुर्बिणीची तपासणी नियमित सुरू होते, आणि औषधांमुळे बरं वाटत असलं तरी ती चुकवायची नसते.

तिसरी पायरी : बाकीच्यांनी कोणत्या वयात सुरू करावं?

अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं २०२१ मध्ये सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, कारण तिथे तरुण वयातले रुग्ण वाढू लागले होते. भारतात या कॅन्सरचं एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे सगळ्या लोकसंख्येला सरसकट दुर्बीण लावा असं कुणी सांगत नाही, आणि तशी सोयही नाही. पण एका व्यक्तीचा, एका घराचा प्रश्न वेगळा असतो. माझं स्पष्ट मत असं : घरात कुणाला नसला तरी ४५ ते ५० च्या दरम्यान आपल्या फॅमिली डॉक्टरशी हा विषय काढावा आणि वर्षातून एकदा शौचाची आधुनिक तपासणी सुरू करावी. लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान किंवा नेमाची दारू असेल त्यानं तर ४५ च्या पुढे टाळाटाळ करू नये. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या योजनेचं पाकीट आलं की ते कपाटात न टाकता त्याच आठवड्यात परत पाठवावं.

चौथी पायरी : शौचाची तपासणी, पण कोणती?

लॅबमध्ये जाऊन ‘स्टूल टेस्ट’ सांगितलं तर जंत आणि आव पाहण्याची साधी तपासणी होईल. तिचा इथे उपयोग नाही. तुम्हाला हवी आहे ती शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी, आणि तीतही ‘फिट’ या नावानं ओळखली जाणारी. जुनी पद्धत रसायनांवर चालते. तिच्यात मटण खाल्लं, कच्चा मुळा खाल्ला तरी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे खोटी निगेटिव्ह. फिटमध्ये फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला चिकटणारी प्रतिद्रव्यं वापरतात, म्हणून खाण्यापिण्याचं पथ्य लागत नाही. लॅबला फोन करून विचारा : ‘तुमची ऑकल्ट ब्लड टेस्ट फिट पद्धतीची आहे का?’ ‘हो’ असं स्पष्ट उत्तर न मिळाल्यास दुसरी लॅब बघा.

नमुना घेणं ऐकायला किळसवाणं वाटतं, करायला अवघड नाही. नमुना पाण्यात किंवा संडास साफ करायच्या द्रवात मिसळता कामा नये, एवढं सांभाळायचं. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसत असाल तर भांड्याच्या कोरड्या भागावर दोन-तीन पदरी कागद किंवा पसरट प्लास्टिक ठेवा. कमोड असेल तर बैठकीखाली कागद ताणून बसवा किंवा स्वच्छ कोरडं डबडं वापरा. लघवी आधी करून घ्या. मग किटमधली काडी शौचाच्या वेगवेगळ्या चार-पाच जागी टोचून फक्त तिच्या खाचा भरतील एवढाच नमुना घ्या आणि नळीत बंद करा. जास्त घेतला म्हणजे तपासणी जास्त चांगली होते असं नाही, उलट बिघडते. नळीवर नाव आणि तारीख लिहा. पाळी चालू असताना, किंवा मूळव्याधीतून त्या आठवड्यात रक्त पडत असताना, नमुना देऊ नका. मूळव्याधीचं रक्त नेहमीचं असेल तर मात्र ‘थांबल्यावर देईन’ म्हणत वर्ष काढू नका. तुमचा रस्ता पहिल्या पायरीत सांगितलेला, डॉक्टरकडचा.

आपल्या हवेत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि लॅबवाले क्वचित सांगतात. उष्णतेनं नमुन्यातलं हिमोग्लोबिन मोडतं, आणि रक्त असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. इटलीतल्या उन्हाळ्यातसुद्धा हा फरक मोजला गेला आहे, मग चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्याबद्दल काय बोलायचं! नमुना सकाळी घ्या, त्याच दिवशी पोचवा, उशीर होणार असेल तर बंद पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुपारी स्कूटरच्या डिकीत नको. शक्य असेल तर ही वार्षिक तपासणी डिसेंबर-जानेवारीत करायची सवयच लावून घ्या.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तर वर्षभरानं पुन्हा करायची. एकदाच करून थांबलं तर फायदा फार उरत नाही, कारण पॉलिप आणि कॅन्सर रोज रक्त सांडत नाहीत. एका वेळची फिट असलेल्या कॅन्सरपैकी साधारण पाचातले चार पकडते. पाचवा निसटतो तो पुढच्या वर्षी सापडावा म्हणूनच तिला नियमितपणा हवा. आणि मधल्या काळात रक्त दिसलं, वजन उतरलं, तर मागच्या निगेटिव्ह रिपोर्टचा आधार घेऊ नका.

पॉझिटिव्ह आला तर? घाबरू नका, पण थांबूही नका. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतो. काहींना पॉलिप असतो, काहींना मूळव्याध, काहींना काहीच नाही. पण हे ठरवायला दुर्बीणच लागते. इथे लोक हमखास एक चूक करतात : ‘परत एकदा करून बघू’ म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये फिट करतात, ती निगेटिव्ह येते आणि विषय मिटतो. मिटत नाही. एकदा पॉझिटिव्ह म्हणजे दुर्बीण, आणि तीही पुढच्या काही आठवड्यांत. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांमध्ये कॅन्सर, आणि विशेषतः पुढच्या टप्प्यातला कॅन्सर, जास्त सापडला होता.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए नावाची रक्ताची तपासणी विकली जाते. निरोगी माणसात हा कॅन्सर शोधण्यासाठी ती योग्य नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बरेचदा नॉर्मल असते आणि सिगारेट ओढणाऱ्यात उगाच वाढलेली. निदान झालेल्या रुग्णाच्या पुढच्या देखरेखीसाठी तिचा उपयोग आहे. तुमचे पैसे फिटवर घाला.

पाचवी पायरी : दुर्बिणीची तयारी

कोलोनोस्कोपी, म्हणजे ‘खालून दुर्बीण’, हे नाव ऐकून जेवढी भीती वाटते तेवढी ती तपासणी त्रासाची नसते. त्रास असतो तो आदल्या रात्रीच्या जुलाबांचा, आणि सगळं यश त्यावरच अवलंबून असतं. आतडं स्वच्छ नसेल तर लहान पॉलिप दिसत नाही आणि अख्खी तपासणी परत करावी लागते.

वेळ घेतानाच डॉक्टरांना चालू औषधांची यादी द्या. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण त्यांनी आतडं काळपट होतं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेलसारखी औषधं थांबवायची का आणि कधी, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि दुर्बीण करणारे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतःच्या मनानं बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवला असेल तर. ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्यांचा आणि इन्शुलिनचा डोस बदलून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या हल्ली फार वापरात असलेल्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, हे आवर्जून विचारा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर जुलाबाचं औषध कोणतं हे तज्ज्ञानं ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नव्हे.

तीन दिवस आधीपासून चोथ्याचं खाणं बंद. म्हणजे आपण ज्याला पौष्टिक म्हणतो ते नेमकं नको : पालेभाज्या, मटकी-चवळीच्या उसळी, बाजरी-नाचणीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, जवस, पेरू, डाळिंब, बियांचा टोमॅटो. चालेल ते मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दही, सोललेल्या बटाट्याची साधी भाजी, पांढरा पाव, अंडं, उकडलेला मासा. आदल्या दिवशी सकाळी हलकी न्याहारी झाली की त्यानंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ : नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, साखरेचा कोरा चहा, वरणाचं गाळलेलं निवळ. दूध आणि ताक नाही. लाल-जांभळ्या रंगाचं काहीही नाही, कारण ते आत रक्तासारखं दिसतं. कोकणातल्या घरांनी कोकम सरबत आणि सोलकढी दोन दिवस लांब ठेवावी.

जुलाबाचं औषध बहुधा पाण्यात मिसळायची पावडर असते, दोन ते चार लिटर. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी प्यायचं, हीच पद्धत उत्तम. सकाळी अकराची वेळ असेल तर पहाटे पाचला उठावं लागेल. लोक याचाच कंटाळा करतात आणि सगळं रात्रीच पिऊन टाकतात, मग उजव्या बाजूचं आतडं घाण राहतं. थंड करून, लिंबू पिळून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला प्या. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा. शेवटी शौचाला जे पडेल ते लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं. तपकिरी पाणी पडत असेल तर रुग्णालयाला तसं फोन करून सांगा.

ही रात्र संडासाजवळ काढायची असते. चाळीत किंवा वस्तीत सामाईक संडास असेल तर एका रात्रीपुरतं स्वतंत्र संडास असलेल्या नातेवाइकाकडे जा, नाहीतर आदल्या दिवशी दाखल करून घेता येईल का ते विचारा. वयस्क माणसाला एकटं ठेवू नका. वारंवार उठण्यात, ओल्या फरशीवर, क्षार कमी होऊन चक्कर येण्यात पडायची भीती असते. कमोडची खुर्ची आणून ठेवा, दिवा रात्रभर चालू ठेवा, आतून कडी लावू देऊ नका. गुदद्वाराला आधीपासूनच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावलं तर आग कमी होते.

सहावी पायरी : तपासणीचा दिवस आणि रिपोर्ट

सोबत एक माणूस हवाच. झोपेचं इंजेक्शन किंवा हलकी भूल देतात, त्यामुळे चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही. अनेक ठिकाणी मागून उघडणारी सैल पँट देतात, अंग झाकलेलं राहतं. तपासणी साधारण अर्ध्या तासाची. आतडं फुगवायला हवा भरतात, म्हणून नंतर थोडा वेळ पोट गुबारल्यासारखं वाटतं आणि वारा सरला की बरं वाटतं.

धोका शून्य नाही. आतड्याला छिद्र पडणं हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतं. पॉलिप काढलेल्या जागी रक्तस्राव त्याहून थोडा जास्त वेळा होतो आणि तो दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. घरी गेल्यावर पोट दगडासारखं कडक होऊन दुखणं, ताप, वारंवार रक्त पडणं यांपैकी काही झालं तर रात्र असली तरी त्याच रुग्णालयात जा.

जागा निवडताना विचारा की पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढाल का. ‘आज फक्त बघतो, काढायला परत या’ म्हणजे दुसऱ्यांदा जुलाब, दुसऱ्यांदा भूल, दुसरा खर्च. फार मोठा किंवा अवघड जागचा पॉलिप असेल तर गोष्ट वेगळी. मुंबई-पुण्यात केईएम, ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते, वाट मात्र पाहावी लागते. मेडिक्लेम कंपनीला आधीच विचारा, कारण त्रास नसताना केलेल्या तपासणीचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार कॅन्सरचं निदान झाल्यावरच्या उपचारांना मिळतो.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का आणि त्याचा फोटो आहे का. आतडं किती स्वच्छ होतं. आणि पॉलिप किती, केवढे, कुठे होते, सगळे काढले का. काढलेला प्रत्येक पॉलिप बायॉप्सीला जायला हवा, आणि तो रिपोर्ट आठवडाभरानं तुम्हालाच जाऊन आणावा लागतो. फार जण तो आणतच नाहीत, आणि पुढची तारीख तर त्यावरच ठरते. सगळं नॉर्मल आणि घरात इतिहास नसेल तर पुढची दुर्बीण दहा वर्षांनी, मधे दरवर्षीच्या फिटचीही गरज नाही. अडीनोमा प्रकारचे, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल असे, एक-दोन लहान पॉलिप असतील तर सात ते दहा वर्षांनी. एक सेंटिमीटर किंवा मोठा पॉलिप असेल, पाच ते दहा पॉलिप असतील, किंवा पेशींत जास्त बिघाड दिसला असेल तर तीन वर्षांनी. ही तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि मुलांनाही सांगून ठेवा, कारण मोठा अडीनोमा सापडला तर तुमच्या सख्ख्या नातेवाइकांचं वेळापत्रकही बदलू शकतं.

तंबाखू, दारू, वाढलेलं वजन आणि बसून राहणं यांनी या कॅन्सरचा धोका वाढतो. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं आहे. भाकरी, उसळी, पालेभाज्या यांचा रोजचा आहार फायद्याचा आहेच. पण ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला नाही होणार’ हे खरं नाही. तपासणी शाकाहाऱ्यांनीही करायची आहे.

शेवटचा प्रश्न मुलांकडून येतो : आजी-आजोबांची किती वयापर्यंत करत राहायची? सर्वसाधारणपणे ७५ पर्यंत. ७६ ते ८५ मध्ये प्रकृती, इतर आजार आणि आधी कधी तपासणी झाली होती का, हे पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ज्यांची आयुष्यात एकदाही झालेली नाही आणि जे धडधाकट आहेत, त्यांना या वयातही फायदा होऊ शकतो. ८५ नंतर निव्वळ स्क्रीनिंगसाठी दुर्बीण करू नये, कारण तयारीचा आणि भुलेचा धोका फायद्याहून मोठा होतो. मात्र त्या वयातही शौचाला रक्त दिसलं किंवा हिमोग्लोबिन उतरत गेलं, तर डॉक्टरांना दाखवायचंच.